कंबरेची कळ आणि तिचे मानकरी

मानवी शरीराची बहुतेक दुखणी खासगी मालकीची असतात. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या टापूत कंबरेच्या दुखण्याला मात्र हा दर्जा कधीच मिळालेला नाही. दात दुखत असल्यास माणूस गालाला हात लावून गप्प बसू शकतो, आणि पोट बिघडल्याची वार्तासुद्धा चाळीत सामायिक संडासाच्या रांगेपलीकडे सहसा जात नाही. परंतु कंबर एकदा हाताने धरली की ती गॅलरीतून दिसते, आणि दिसली की तिच्याविषयी मत देण्याचा हक्क मजल्यावरील सर्व बिऱ्हाडांना, पोटभाडेकरूंसह, आपोआप प्राप्त होतो. कळ एकाची असली तरी तिचे मानकरी अनेक असतात, आणि ती थांबल्यावर कोणामुळे थांबली या प्रश्नावरून जो वाद माजतो, त्याचा निकाल लावण्याइतका पुरावा मजल्यावर उपलब्ध नसतो. अलीकडे या वादात एक नवा पक्षकार उतरला आहे: क्ष-किरणांच्या चित्रात पाहत पाहत थेट मज्जातंतूच्या मुळाशी दिले जाणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन.

ज्या कळेसाठी हे इंजेक्शन देतात तिला डॉक्टर सायटिका म्हणतात. शेजारी ‘नस दबली’ किंवा ‘गादी सरकली’ म्हणतात. कंबरेच्या भागात पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, जिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. कड्याला चीर जाऊन गर बाहेर आला की तो शेजारून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला टेकतो, आणि नुसत्या दाबाने नव्हे तर गरातील रासायनिक द्रव्यांमुळेही ते मूळ सुजते व चिडते. बहुतेक वेळा हा प्रकार चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मध्ये, अथवा पाचवा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांच्या मध्ये घडतो. या भागातील मुळे एकत्र येऊन जी सायटिक नस बनते ती शरीरातील सर्वांत जाड नस असल्यामुळे तिची कळही तोलामोलाची असते. ती नितंबातून निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते आणि पावलापर्यंत पोहोचते. दुखणे कंबरेत आणि बोंब पायाची, अशी या विकाराची रीत असल्यामुळे पहिला आठवडा सामान्यतः पोटरीला तेल चोळण्यात जातो.

या टापूतील कंबरेला स्वतःचा इतिहास आहे. वाकून वजन उचलताना चकतीवरचा दाब किती वाढतो हे स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून मोजले. त्यासाठी त्यांना माणसे गोळा करून त्यांच्या हाती वजने द्यावी लागली. गिरगावात पहाटे पाणी येण्याच्या वेळी ते आले असते तर वाकलेल्या कंबरा, भरलेल्या कळश्या, पिंपे आणि तीन मजल्यांचा लाकडी जिना ही प्रयोगाची सर्व सामग्री त्यांना विनामूल्य मिळाली असती, फक्त मोजमाप संपेपर्यंत नळ सोडून बाजूला उभे राहायला कोणी तयार झाले नसते. परळ-लालबागच्या गिरण्यांत साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहिलेल्या कंबरा १९८२ च्या जानेवारीत संपावर गेल्या. त्यांतल्या अनेकींना गिरणी पुन्हा दिसली नाही, आणि काही त्याच जमिनीवर झालेल्या टॉवरच्या दाराशी वॉचमन म्हणून पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलांच्या कंबरा तशाच टॉवरांत वरच्या मजल्यावर संगणकासमोर दिवसभर बसतात, आणि रविवारी दोन्ही पिढ्या एकाच खोलीत एकच बाम लावतात. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दहीहंडीचे थर लागतात, तेव्हा छायाचित्र सर्वांत वरच्या बाळगोपाळाचे निघते. क्ष-किरणचित्र सर्वांत खालच्या थराचे निघते.

उपायांची परंपरा इंजेक्शनाहून फार जुनी आहे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून, महानारायण तेल, गादी काढून फळीवर झोपणे, आणि कुटुंबात एकच असलेला व गरजेप्रमाणे हस्तांतरित होणारा कंबरपट्टा ही तिची ठळक अंगे होत. (फळीवर पंधरा दिवस निश्चल पडून राहण्याचा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत, आता ते सोसवेल तितके हिंडाफिरायला सांगतात, आणि त्यामुळे घरातील ज्येष्ठांचा त्यांच्यावरील विश्वास उडतो.) परंतु या सर्वांत मानाचे स्थान पायाळूचे आहे. जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेल्या व्यक्तीला पायाळू म्हणतात, आणि अशा व्यक्तीने कंबरेला पाय लावला किंवा हलकी लाथ मारली की उसण, म्हणजे अचानक भरलेली कंबर, उतरते असा समज महाराष्ट्रभर आहे. ज्या चाळीत पायाळू आहे तिला दवाखान्याची ददात नसते. तो गृहस्थ कामावरून परत येताच जिन्यातच त्याचा पाय मागितला जातो, आणि एरवी घरात ज्याच्या शब्दाला किंमत नाही त्याच्या टाचेला मजल्यावर मान मिळतो. अलीकडे या परंपरेवर संकट आले आहे, कारण पोटात बाळ पायाळू असल्याचे सोनोग्राफीत दिसले की रुग्णालयात बहुधा सिझेरियन करतात. शस्त्रक्रियेने बाहेर काढलेले बाळ पायाळू मानावे की नाही, आणि मानल्यास त्याचा कोणता पाय गुणकारी, याविषयी शास्त्राधार सापडत नाही.

उपाय थकले की एमआरआय निघतो. एमआरआय ही चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने शरीराच्या आतील मऊ भागांची चित्रे घेण्याची तपासणी असून तिचा अहवाल इंग्रजीत आणि भीती वाटेल अशा शैलीत लिहिलेला असतो. चाळीत तो बीकॉम झालेल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घेतला जातो, आणि तीन चकत्यांना फुगवटा आहे हे ऐकताच खोलीत दुखवट्याला येतात तशी माणसे येऊ लागतात. वास्तविक ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चकतीचा फुगवटा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत आढळला, आणि चकतीची झीज तर विशीत ३७ टक्के व ऐंशीत ९६ टक्के. म्हणजे सांत्वनाला आलेल्या मंडळींचा एमआरआय तिथेच काढता आला असता तर अर्ध्याअधिक मंडळींना रुग्णाच्या शेजारी जागा द्यावी लागली असती. म्हणून जाणता डॉक्टर अहवाल बाजूला ठेवून आधी रुग्णाला पाठीवर झोपवतो, त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलतो, कळ पायात कुठवर उतरते हे विचारतो, आणि चित्रातील दोष व पायातील कळ एकाच मुळाकडे बोट दाखवीत असतील तरच पुढचे बोलतो. लघवी अडणे, बैठकीचा भाग बधिर होणे किंवा पाऊल लुळे पडणे यांपैकी काही घडल्यास पुढचे बोलण्यासही वेळ नसतो. तेव्हा इंजेक्शन नाही, शेक नाही, थेट मोठे रुग्णालय, कारण बहुधा तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ आलेली असते.

सुई आणि परळ यांचे नाते तसे जुने व वळणावळणाचे आहे. मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. त्या काळी सुईच्या नावाने लोक घाबरत. आज त्याच परळमध्ये सर्दीला सुई न देणारा डॉक्टर शिकाऊ समजला जातो. कण्याकडे जाणाऱ्या सुईची सुरुवात याच सुमारास युरोपात झाली. कील येथील शल्यविशारद ऑगस्ट बीअर यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात कोकेन सोडून काही रुग्णांचा कंबरेखालचा भाग बधिर केला, आणि मग हा प्रकार पडताळण्यासाठी स्वतःच्याच पाठीत सुई घालून घेतली. सुई आणि पिचकारी एकमेकींत नीट न बसल्यामुळे बरेच पाणी वाहून गेले, म्हणून मग त्यांच्या साहाय्यकाने पाठ पुढे केली. तो बधिर झाल्याची खात्री पटवण्यासाठी बीअर यांनी त्याच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली. पायाळूच्या लाथेला शास्त्रीय वैद्यकात पूर्वसुरी नाही असे म्हणणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. पाणी गळाल्यामुळे बीअर यांचे डोके नंतर कित्येक दिवस दुखत राहिले. सुई मज्जारज्जूच्या आवरणाच्या आत गेली तर असे डोके आजही दुखू शकते, आणि म्हणूनच आजचे स्टिरॉइड त्या आवरणाच्या बाहेर, एपिड्युरल नावाच्या पोकळीत सोडतात. या बाहेरच्या पोकळीत माकडहाडाजवळच्या छिद्रातून जाण्याचा मार्ग १९०१ मध्ये पॅरिसमध्ये सिकार आणि कॅथलॅं यांनी स्वतंत्रपणे दाखवला.

सायटिकाचे कारण सरकलेली चकती हे आहे, ही गोष्ट बोस्टनचे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी लालबागमध्ये, बाजारासाठी हक्काची जागा मिळाली म्हणून कोळी आणि विक्रेत्यांनी बोललेला नवस फेडण्यासाठी गणपती बसला, जो पुढे लालबागचा राजा झाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु लालबागेत तो आहे असे कोणी म्हटल्यास त्याला विरोध होण्याची शक्यता कमी. उरलेला दुवा अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ मध्ये जुळला: तेथे फिलिप हेंच यांनी सांधेदुखीने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. दाह, म्हणजे सूज-लाली-वेदना यांचा समूह, शमवणाऱ्या या स्टिरॉइड वर्गातील औषधांबद्दल हेंच यांना दोन सहसंशोधकांसह १९५० चे नोबेल मिळाले, आणि दोनच वर्षांत ते औषध कण्याजवळच्या पोकळीत पोहोचले.

पोहोचले खरे, पण नेमके कुठे, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. सुई पोकळीत शिरताच पिचकारीचा दट्ट्या एकाएकी हलका होतो, या एका खुणेवर डॉक्टर विसंबत, आणि खूण चांगली असली तरी अनुभवी हातांनाही ती चकवते. ही अडचण गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीत पाहुण्याने बिऱ्हाड शोधण्यासारखी आहे. माकडहाडाजवळच्या छिद्रातून औषध सोडणे म्हणजे मागच्या मोरीच्या जिन्याने वर जाऊन निरोप ओरडणे: तो वर चढेल, कोणाच्या तरी कानी पडेल, पण हव्या त्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यात किती पाणी मिसळेल हे सांगता येत नाही. दोन मणक्यांच्या मागच्या फटीतून सोडणे म्हणजे मुख्य जिन्याने येऊन गॅलरीत निरोप ठेवणे. आणि ज्या बाजूच्या छिद्रातून मज्जातंतूचे मूळ बाहेर पडते तिथपर्यंत सुई नेणे म्हणजे नेमक्या खोलीच्या उंबरठ्यावर उभे राहून ज्याचा निरोप त्याच्याच हाती देणे; हे मात्र पाट्या वाचता आल्याशिवाय जमत नाही, आणि पाट्या वाचण्यासाठीच क्ष-किरणांचे यंत्र लागते.

या यंत्राला सी-आर्म म्हणतात, कारण त्याची कमान इंग्रजी सी अक्षरासारखी असून ती टेबलाला वळसा घालते आणि पडद्यावर मणक्यांचे चालते चित्र दाखवते. रुग्णाला पालथे झोपवून पोटाखाली उशी देतात, ज्यामुळे कंबरेचा आतला बाक सपाट होतो. त्वचा निर्जंतुक करून बधिर करतात, आणि सुमारे ९ सेंटिमीटर लांबीची बारीक सुई पडद्यावर पाहत पाहत सरकवतात. (ही लांबी रुग्णाला आधी सांगू नये, असा संकेत आहे, नातेवाईक तो पाळत नाहीत.) सुई मुळाजवळ आली की त्या पायात ओळखीची कळ उमटू शकते, आणि डॉक्टर विचारतो, ‘अशीच कळ येते का, काका?’ महिनाभर ज्यांच्या कळेला कोणी वात, कोणी गॅस आणि कोणी कामचुकारपणा म्हटले होते, त्या काकांच्या चेहऱ्यावर वेदनेबरोबर समाधानही दिसते, ते याच क्षणी. मग आयोडीनयुक्त द्रव्य थोडेसे सोडतात, जे क्ष-किरणात काळे उठून दिसते. ते मुळाच्या कडेने पसरले तर पत्ता बरोबर, आणि झर्रकन नाहीसे झाले तर सुई रक्तवाहिनीत. ही खात्री केवळ नेमकेपणासाठी नसते. कण असलेले स्टिरॉइड चुकून रोहिणीत गेले तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडू शकतो. असे अपघात अत्यंत विरळ असले तरी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये त्यांबद्दल इशारा दिला, आणि बाजूच्या छिद्राशी पूर्ण विरघळणारे डेक्सामेथासोन वापरण्याकडे कल वाढला. शेवटी स्टिरॉइड सोडतात, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. औषधाचा गुण यायला काही दिवस लागतात, हे मात्र तो टॅक्सीतच विसरतो.

या सर्व वेळात खोलीतील डॉक्टर आणि तंत्रज्ञ किरणांपासून बचावासाठी शिशाचे जड अंगरखे घालून उभे असतात. असे अंगरखे वर्षानुवर्षे घालून काम करणाऱ्या हृदयविकारतज्ज्ञांत मानेच्या व कंबरेच्या चकत्यांचे दुखणे अधिक असल्याचे अभ्यास आहेत. कंबरेच्या उपचारातून कंबरदुखी निर्माण करण्याची ही सोय निर्गुडीच्या पाल्यात नाही, हे मान्य करावे लागते.

सुई घेण्यापूर्वी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेह यांची माहिती डॉक्टरला देणे आवश्यक असते. स्टिरॉइडने रक्तातील साखर काही दिवस वाढते; इंजेक्शन भाद्रपदात घेतले असल्यास त्या वाढीचे सर्व खापर सुईवर फुटते आणि उकडीचे मोदक निर्दोष सुटतात.

आता श्रेयाचा मूळ वाद. सायटिकाच्या बहुसंख्य रुग्णांची कळ ६ ते १२ आठवड्यांत बरीचशी आपोआप निवळते, कारण दाह ओसरतो आणि बाहेर आलेला गर शरीर हळूहळू जिरवून टाकते. याचा व्यावहारिक अर्थ असा की दहाव्या आठवड्यात जो कोणी शेवटचा उपाय करील तो धन्वंतरी ठरतो, आणि तिसऱ्या आठवड्यात तोच उपाय करणारा भोंदू ठरतो. पाला बांधणाऱ्या आजी, तेल देणारे काका आणि पायाळू या सर्वांचे यशापयश पंचांगावर अवलंबून असते. इंजेक्शनचा अपराध एवढाच की त्याने रीतसर परीक्षा दिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २५ चाचण्या एकत्र केल्या, ज्यांत काहींना स्टिरॉइड आणि काहींना मिठाच्या पाण्यासारखे निष्क्रिय द्रव्य दिले होते. स्टिरॉइड सरस ठरले, परंतु पायाच्या कळेत पहिल्या काही आठवड्यांतला हा फरक शंभरापैकी जेमतेम ५ गुणांचा होता, आणि पुढे तो विरत गेला. अर्थात ही सरासरी झाली. सरासरीत कोणी दुसऱ्या रात्री गाढ झोपतो आणि कोणाला काहीच होत नाही, आणि ज्याला झोप लागते त्याच्यासाठी मधले दीड-दोन महिने सुसह्य होतात, व्यायाम सुरू करता येतो, क्वचित शस्त्रक्रियाही टळते. परंतु ‘थोडा फरक पडतो, काही आठवडे टिकतो’ हे वाक्य गॅलरीत उभे राहून अभिमानाने सांगण्याजोगे नाही. तेथे उपाय रामबाण तरी असावा लागतो किंवा लुबाडणूक तरी.

पायाळूची अशी परीक्षा कोणी घेतलेली नाही. ती घ्यायची तर निम्म्या रुग्णांना पायाळूची आणि निम्म्यांना डोक्याकडून जन्मलेल्या माणसाची, त्याच जोराची, लाथ मारावी लागेल. कोणाला कोणती लाथ मिळाली हे रुग्णाला, नोंद ठेवणाऱ्याला आणि शक्य झाल्यास लाथ मारणाऱ्यालाही कळता कामा नये. आणि या सर्वाला रुग्णालयाच्या नीतिसमितीची लेखी मान्यता लागेल. परीक्षा होत नाही तोवर पायाळू अपराजित आहे.

उतारवयातील एक प्रकार या वादात वेगळा पडतो. चकत्यांची झीज, जाड झालेले अस्थिबंध आणि वाढलेली हाडे यांमुळे मणक्यांमधली नळीच अरुंद होते आणि तिच्यातील नसा आवळल्या जातात. अशा माणसाला उभे राहिले किंवा चालले की पाय भरून येतात आणि बसले किंवा पुढे वाकले की बरे वाटते, म्हणून तो दादरच्या फूलबाजारात दर चार दुकानांनी टोपलीवर ओणवा होऊन फुले निरखतो आणि फूलवाल्याचा गैरसमज होतो. या प्रकारात स्टिरॉइडचा पाड लागणे आणखी कठीण: अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसते बधिर करणारे औषध आणि त्यात मिसळलेले स्टिरॉइड यांत नगण्य फरक दिसला. अशा रुग्णाला काही काळ आराम वाटलाच, तर तो इंजेक्शनाचा, तेलाचा की राजाचा हे ठरवण्याच्या भानगडीत घरचे लोक पडत नाहीत. नवस बोललेला असतो, तो फेडायचा असतो. लालबागच्या राजापुढे रांगा दोन: चरणाशी नेणारी नवसाची आणि दुरून दर्शन घडवणारी मुखदर्शनाची. नवसाची रांग कित्येक तास उभे राहण्याची असते, आणि अरुंद नळीची कंबर त्या उभे राहण्यालाच दाद देत नाही. त्यामुळे कंबरेचा नवस फेडण्यासाठी घरातून धाकट्या, धडधाकट कंबरेच्या मुलाला रांगेत पाठवतात, आणि तो दुसऱ्या दिवशी पहाटे कंबर धरून परत येतो.